सखाहरीने नवा कॉम्प्युटर जुन्यासारखा केला

उंबरगव्हाण नावाच्या गावात एक भोळा माणूस होता. त्याचं नाव सखाहरी. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं, पण गोष्टीची सुरुवात आईच्या शब्दाने केलेली बरी.

सखाहरी मामाच्या पिठाच्या गिरणीत बसायचा. मामा म्हणाला, "डबा झाकून ठेव," की तो झाकायचा. डबा रिकामा असला तरी झाकायचा. मामा रोज डोक्याला हात लावायचा आणि त्याला "ए" म्हणून हाक मारायचा. सखाहरीला दळणाचा कंटाळा नव्हता, या "ए"चा होता. त्याला वाटायचं, एक तरी जागा अशी असावी जिथे आपल्याला कुणी नावाने हाक मारील आणि काम सांगेल.

आणि त्याला तशी जागा मिळाली. गावच्या पाणी वापर संस्थेत.

आमच्या गावाला धरणाच्या कालव्याचं पाणी मिळतं. कालव्यातून आमची चारी फुटते आणि त्या चारीवर एकेचाळीस सभासद आहेत. पाणी सुटलं की कुणी कोणत्या वारी किती तास घ्यायचं, हे पाळीपत्रकात लिहिलेलं असतं. पत्रक असलं की चारीतून पाणी वाहतं. पत्रक नसलं की आधी शिव्या वाहतात, मग काठ्या निघतात. गाव तसं समजूतदार आहे, पण ते पाणी सुटायच्या आधी.

दहा वर्षं हे पत्रक रेवतीताई काढायच्या. त्या माऊसला हात लावत नसत. कॉम्प्युटरवर एक काळा पडदा उघडायच्या, त्यावर 'पत्रक' एवढा एकच शब्द लिहायच्या आणि एंटर मारायच्या. एकेचाळीस नावं, वार, तास, सगळं छापून बाहेर. हे शब्द कॉम्प्युटर आईच्या पोटातून शिकून येत नाही. ताईंनी ते एकेक करून त्याला शिकवले होते आणि ती सगळी शिकवण काही छोट्या फाईलींत लिहून ठेवली होती.

मग रेवतीताईंना जालन्याला कॉलेजात नोकरी लागली आणि त्या गेल्या. त्यांच्या मागोमाग जुन्या कॉम्प्युटरनेही अंथरूण धरलं. दहा मिनिटं चालायचा, तापायचा आणि बंद पडायचा. संस्थेने नवा आणला. नवा झकास होता, पण नव्या सुनेसारखा. घरात कुणाचा चहा बिनसाखरेचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

संस्थेचे अध्यक्ष केरूनाना. त्यांनी सखाहरीला बुधवारी बोलावून घेतलं.

"सख्या, सोमवारी सकाळी सातला पानी सुटतंय. तवर नव्या कॉम्प्युटरवरनं पत्रक निघालं तर तू हितं कायम. न्हाई निघालं तर मामा हाये आन् गिरणी हाये. कमिटीत म्या तुझ्यासाठी शब्द टाकलाय. माझी अब्रू तुझ्या हातात."

अब्रू कुणाच्या हातात द्यावी याचा नानांनी जरा विचार करायला हवा होता. पण नानांनी सखाहरीला नावाने हाक मारली होती. त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने एक वही घेतली, तिच्यावर श्री लिहिलं आणि रेवतीताईंना फोन लावला.

"हे बघ सखाहरी," ताई म्हणाल्या, "जुन्यावर जसं आहे, तसंच नव्यावर व्हायला हवं. एवढंच काम. काही वगळू नकोस आणि स्वतःचं डोकं लावू नकोस."

"बरं ताई. तसंच करतो."

सखाहरीने वहीत लिहिलं: जुन्यावर जसं, तसंच नव्यावर. मग दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवले आणि नीट निरखून पाहिले.

जुन्याच्या कपाळावर हळदकुंकू होतं. त्याने नव्याला हळदकुंकू लावलं. जुन्याच्या वायरीला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती. नव्याची वायर धडधाकट होती, तिलाही गुंडाळली. जुन्या कीबोर्डवरचं क्यूचं बटण कधीच निखळून पडलेलं होतं. नव्यावरचं काही केल्या निघेना. चारीचं पाणी सोडणारे पाटकरी ठकाजी दारात विडी ओढत बसले होते. त्यांनी पेचकस आणून दिला, काय चाललंय हे न विचारता. आमच्याकडे मदत अशीच करतात.

राहिला चहाचा डाग. जुन्या कीबोर्डवर उजव्या हाताला दहा वर्षांचा चहा सांडलेला होता. सखाहरीने हॉटेलातून कटिंग मागवला, अर्धा प्याला आणि अर्धा नव्या कीबोर्डवर उजव्या हाताला नेमका ओतला. मग लांब उभं राहून पाहिलं. दोन्ही अगदी जुळे दिसत होते.

"ताई, झालं. एका दिवसात दहा वर्षांचं केलं."

काय काय केलं ते ऐकून ताई म्हणाल्या, "अरे, बाहेरचं नाही. आतल्या फाईली. त्यांच्या नावापुढे मी एकेक टिंब दिलंय. नावापुढे टिंब दिलं की कॉम्प्युटर ती फाईल कुणाला दाखवत नाही. तिथेच असते, पण दिसत नाही. मग येणाराजाणारा हात लावत नाही. तू टिंबाकडे बघायला हवं होतंस."

"बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

वहीत लिहिलं: टिंब दिलं की दिसत नाही.

पुढची वेळ गुरुवारी सकाळी आली. नानांचा निरोप आला की दुपारी कमिटीची माणसं ऑफिस बघायला येतायत, ती अडगळ तेवढी दिसता कामा नये. अडगळ बरीच होती. जळकी मोटर, तीन पायांची खुर्ची, दगड झालेली सिमेंटची चार पोती आणि गेल्या निवडणुकीतले फलक. हलवायची म्हणजे दोन गडी लागले असते. सखाहरीला हसूच आलं. परवापर्यंत आपणही हलवतच बसलो असतो, असं त्याच्या मनात आलं. त्याने खडू घेतला आणि मोटरीवर एक, खुर्चीवर एक, पोत्यांवर चार अशी टिंबं दिली. फलकांवर दोन दोन दिली, कारण ते मोठे होते.

दुपारी नाना कमिटीला घेऊन आले आणि पोत्याला अडखळले.

"सख्या, ह्ये काय हितंच?"

"टिंब दिलंय नाना. दिसत नाही."

"मला दिसतंय की."

"तुम्ही अध्यक्ष आहात," सखाहरी अदबीने म्हणाला.

कमिटीतले बाकीचे चौघे एकमेकांकडे बघायला लागले. त्यांतल्या एकाने, नाव घेत नाही, मान डोलावली आणि आपल्यालाही नीटसं दिसत नसल्याचं सांगितलं. अध्यक्षांइतकं आपल्याला दिसतं असं म्हणणं त्याला बरं वाटेना.

नाना गेल्यावर सखाहरीने फोन लावला.

"अरे बाबा," ताई म्हणाल्या, "टिंब फाईलीला देतात, पोत्याला नाही. सामान मागच्या खोलीत टाकायचं आणि इथे एक चिठ्ठी लावायची, की सामान मागच्या खोलीत आहे. कॉम्प्युटरमध्येही मी तेच करते. खरी फाईल एकाच सुरक्षित जागी ठेवते आणि जिथे जिथे ती लागते तिथे नुसता पत्ता. दहा ठिकाणी दहा नकला करत बसायचं नाही."

"बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

वहीत लिहिलं: खरी वस्तू सुरक्षित जागी. बाकी सगळीकडे नुसता पत्ता.

शुक्रवारी नानांनी खिशातून एक घडी घातलेला कागद काढला. ते गेल्या खेपेचं पाळीपत्रक होतं, त्यावर नानांनी शाईने चार दुरुस्त्या केल्या होत्या.

"कॉम्प्युटरचा भरवसा न्हाई आन् तुझा त्याहून न्हाई. काय जमलं न्हाई तर ह्येच चालवू. ह्येची नक्कल करून एक बाहेर बोर्डावर लाव, एक कपाटात ठेव. हा कागद गेला तर आपण समदे गेलो बघ."

नक्कल करू नये, हे सखाहरीला कालच कळलेलं होतं. त्याने बाहेरच्या बोर्डावर चिठ्ठी लावली: 'पाळीपत्रक कपाटात आहे.' मग कपाटात चिठ्ठी ठेवली: 'पाळीपत्रक बोर्डावर आहे.' आणि खरा कागद सुरक्षित जागी ठेवला.

हौसाआत्या चारीच्या शेवटच्या टोकाला राहायच्या. अर्धा कोस चालत येऊन त्यांनी बोर्ड वाचला आणि कपाटापाशी गेल्या. कपाटातली चिठ्ठी वाचली आणि बोर्डापाशी आल्या. चष्मा पुसून पुन्हा बोर्ड वाचला. असं त्यांनी सहा वेळा केलं. त्यांच्या मागे आणखी चौघंजण लागले, कारण म्हातारी एवढ्या खात्रीने चाललीय म्हणजे तिला काहीतरी सापडलं असणार, असा त्यांचा हिशेब होता. तासाभरात ऑफिसच्या दारात चांगली प्रदक्षिणा सुरू झाली.

ठकाजी पाटकरींनी शेवटी विचारलं, "सख्या, कागद नक्की कुटं हाये?"

"सुरक्षित जागी आहे. नव्या कीबोर्डखाली."

आता त्या कीबोर्डचं असं झालं होतं, की चहातल्या साखरेला मुंग्या लागल्या होत्या. म्हणून सकाळी ठकाजींनीच तो हौदावर धुऊन आणला होता आणि निथळायला म्हणून टेबलावर ठेवला होता. कागद बाहेर काढला तेव्हा छापलेली नावं आणि नानांची शाई एक होऊन गेली होती. एकेचाळीस सभासदांचा मिळून एक निळा डाग झाला होता. गावात एवढा एकोपा पूर्वी कधी झाला नव्हता.

हसण्यासारखं सखाहरीसाठी त्यात काही नव्हतं. कागद गेला. आता सोमवारपर्यंत नवा कॉम्प्युटर बोलला नाही तर काठ्या निघणार, नानांची अब्रू जाणार, आणि त्याला परत "ए" ऐकावं लागणार. त्याला खरोखर रडू आलं. सखाहरीची बाजू घेणारं गावात कुणी नाही, म्हणून मी सांगतो, त्याने त्या दिवशी एकही काम मन न लावता केलं नव्हतं.

शनिवारी रेवतीताईंनी सुट्टी काढली आणि सकाळपासून फोनवर बसल्या. जुना कॉम्प्युटर दहा मिनिटं चालतो, तेवढ्यात टिंबांच्या फाईली पेनड्राईव्हवर घ्यायच्या होत्या. फाईली नवव्या मिनिटाला आल्या. ताई म्हणाल्या, "आता नव्यावर टाक. मी दोन तासांत बाजारात जाऊन येते."

त्या फोनवर परत आल्या तेव्हा सखाहरी पडद्याकडे बघत तसाच बसलेला होता.

"काय झालं?"

"त्याने विचारलंय, ही फाईल इथे आधीच आहे, तिच्यावर लिहू का. हो की नाही."

"मग?"

"तुम्ही काय म्हणायचं ते सांगितलं नव्हतं."

"दोन तास तू नुसता बसून आहेस?"

"त्याने पण दुसरं काही विचारलं नाही."

"अरे देवा. विचारलं की हो म्हणायचं, सखाहरी. हो म्हटलं नाहीस तर काम पुढे सरकणार कसं? किती का वेळा विचारीना, हो म्हण."

"बरं ताई. तसंच करतो."

कॉम्प्युटरने अकरा वेळा विचारलं. सखाहरी अकरा वेळा हो म्हणाला. फाईली जागेवर जाऊन बसल्या. वहीत लिहिलं: विचारलं की हो म्हणायचं. दोन तास अडलेलं काम एका शब्दाने सुटलं, हे पाहून त्याला त्या शब्दाचं फार कौतुक वाटलं.

मग त्याने काळ्या पडद्यावर 'पत्रक' लिहून एंटर मारला. पडद्याने कळवलं, की हा शब्द मी कधी ऐकलेला नाही. ताईंना परत फोन लावला तर बंद. त्या नणंदेच्या मुलीच्या लग्नाला परभणीकडे निघाल्या होत्या, आता रविवारी संध्याकाळी लागणार होत्या.

रविवारी ऑफिस उघडं ठेवून सखाहरी फोनची वाट बघत बसला. पाणी उद्या सुटणार आणि बोर्डावर काही नाही, म्हणून लोक यायला लागले. पहिल्या हौसाआत्या आल्या.

"सखाहरी, पहिला नंबर माझा हाये ना रं?"

"हो."

आत्यांना आश्चर्य वाटलं. एवढ्या सहज त्यांना आयुष्यात कुणी हो म्हटलं नव्हतं. नवरासुद्धा. त्यांनी खात्री करून घेतली.

"आरं, तू वेडाबिडा हायेस का?"

"हो."

आत्या खूश होऊन गेल्या. त्यांच्यामागे दुसरा आला. मग तिसरा. कुणाला पहिला नंबर हवा होता, कुणाला पहिला आणि दिवसाचा हवा होता, एकाला पहिला हवा होता आणि शेजाऱ्याला शेवटचा. सखाहरी सगळ्यांना हो म्हणाला. कामं भराभर पुढे सरकत होती. दुपारपर्यंत चाळीस जण पहिले झाले. आणि खरं सांगायचं तर चाळिसांतल्या एकाच्याही मनात आलं नाही, की आपण जसे गुपचूप आलो तसे बाकीचेही येऊन गेले असतील. मूर्ख म्हणून नाव सखाहरीचं झालं, कारण तो एकटा होता.

सगळ्यात शेवटी दार लोटून कुणी आहे का हे बघत एकेचाळिसावे सभासद आले. ते स्वतः केरूनाना होते.

"सख्या," ते हळूच म्हणाले, "माझं पानी पयल्यांदा घेतलं तर बरं पडंल. जमंल ना?"

"हो."

संध्याकाळी मारुतीच्या पारावर एक जण म्हणाला, उद्या पहिलं पाणी आपलं. दुसरा म्हणाला, तुझं कसं, माझं. अंधार पडेस्तोवर पारावर एकेचाळीस पहिले गोळा झाले आणि घरोघर काठ्यांना तेल लागलं. नाना तावातावाने ऑफिसात आले. त्यांना पोटभर ओरडायचं होतं, पण दुपारचं आठवून ते अर्ध्यावरच थांबले.

"सकाळी पत्रक दिसलं न्हाई, तर तू आन् मी दोगंबी गिरणीत," एवढं बोलून ते गेले.

तेवढ्यात ताईंचा फोन लागला. मागे वाजंत्री वाजत होती. सखाहरीने सगळं सांगितलं.

"माणसांना हो म्हणालास?" ताई ओरडून बोलत होत्या, वाजंत्रीमुळे आणि तशाही. "कॉम्प्युटरला हो म्हणायचं. माणसांना नाही म्हणायचं असतं. माणूस काही विचारायला आला की सरळ नाही म्हण. तीन तीनदा विचारू दे, गयावया करू दे, नाही म्हणजे नाही. दहा वर्षं मी हेच केलं म्हणून टिकले."

"बरं ताई. पुढच्या वेळी तसंच करतो."

वहीत लिहिलं: माणसाने विचारलं की नाही. तीनदा विचारलं तरी नाही.

सोमवारी उजाडायच्या आत दारात लोक उभे होते. "पहिला नंबर मलाच दिलास ना?" "नाही." "काल तर हो म्हणालास." "नाही." "आरं पर..." "नाही." एकेचाळीस जणांना त्याने नाही म्हटलं, नानांनाही म्हटलं, आणि आश्चर्य असं, की गर्दी जरा निवली. सगळ्यांनाच नाही मिळालेलं पाहून ज्याला त्याला बरं वाटलं. पहिल्यांदाच सखाहरीचा धडा जिथे लागू व्हायचा तिथे लागू झाला. त्यामुळे त्या धड्यावर त्याचा फार विश्वास बसला.

सहा वाजता ताईंचा फोन आला.

"तो शब्द ओळखत नाही म्हणतोस? फाईली टाकल्यावर कॉम्प्युटर बंद करून उघडलास का? नाही ना? अरे, आत काही बदललं की ते असं आपोआप लागू होत नाही. बंद कर. शंभरपर्यंत आकडे मोज. मग उघड. तेव्हा लागू होतं. घाई करू नकोस, पूर्ण शंभर मोज."

सखाहरीने तेही वहीत लिहिलं. मग कॉम्प्युटर बंद केला. शंभर मोजले. उघडला. काळ्या पडद्यावर 'पत्रक' लिहिलं, एंटर मारला, आणि प्रिंटर खोकला. मग कुरकुरत कागद बाहेर यायला लागला. एकेचाळीस नावं, वार, तास. वरून पहिलं नाव हौसाआत्यांचं.

सात वाजता ठकाजी पाटकरींनी गेट उघडलं. पाणी चारीत पडलं आणि एकही काठी वर न होता हौसाआत्यांच्या वावराकडे चालू लागलं. लोक बोर्डासमोर उभं राहून आपापलं नाव वाचत होते. कुणीतरी सखाहरीच्या पाठीवर थाप मारली. नानांचा चेहरा तर असा खुलला होता, की जणू पोरीचं लग्न पार पडलंय. सखाहरीने बोटाने वहीची पानं चाळली. सहा धडे. सगळे पाठ होते.

दहा वाजता ऑफिसात कमिटी बसली. नानांनी ठरावाची वही उघडली आणि सखाहरीला आत बोलावलं.

"सखाहरी," नाना म्हणाले. सख्या नाही, पूर्ण नाव. "आज तू गावाची लाज राखलीस. कमिटीचं एकमत हाये. तुला आजपास्नं कायम करतोय. करायचं ना?"

सखाहरीचं काळीज धडधडायला लागलं. बुधवारपासून तो याच शब्दांची वाट बघत होता. बुधवारपासून कसला, गिरणीत पहिला डबा झाकला तेव्हापासून. पण विचारणारा माणूस होता.

"नाही," तो म्हणाला.

नानांना वाटलं, पोरगं लाजलं. "आरं, पक्की नोकरी. घेनार न्हाईस?"

"नाही."

"सखाहरी, लेकरा, माझ्यासाठी तरी. ऱ्हातोस का?"

ताई म्हणाल्या होत्या, गयावया करू दे. सखाहरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"नाही," तो म्हणाला, आणि बाहेर येऊन त्याने ताईंना फोन लावला. "ताई, या वेळी चुकलो नाही. तीनदा विचारलं. तीनदा नाही म्हटलं."

"कुणी विचारलं? काय विचारलं?"

त्याने सांगितलं.

"सखाहरी," ताई अगदी हळू म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता आत जा. आणि ते जे काही विचारतील त्याला हो म्हण."

सखाहरीने वहीत 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं. आत जाण्यासाठी त्याने पाऊलही उचललं. मग थांबला. बदल केलाय खरा, पण तो असा आपोआप लागू होत नाही. त्याने ऑफिसचं दार बंद केलं, बाहेरून कडी घातली आणि मोजायला सुरुवात केली.

बाविसाव्या आकड्याला आतून दार वाजलं.

"सख्या, दार कुनी लावलं रं?"

आवाजामुळे आकडा चुकला. ताई म्हणाल्या होत्या, पूर्ण शंभर. त्याने पहिल्यापासून सुरुवात केली.

चाळिसाला नाना खिडकीच्या गजांशी आले. "आरं कडी काढ. काढतोस का?"

"नाही," सखाहरी म्हणाला. बदल अजून लागू झालेला नव्हता. आणि परत एकपासून.

बाहेर माणसं जमली. हौसाआत्या वावरात पाणी वळवून तशाच ओल्या पायांनी आल्या. त्यांनी सखाहरीला मोजताना पाहिलं आणि त्यांना वाटलं, कसला तरी विधी चाललाय, म्हणून त्याही मोठ्याने मोजायला लागल्या. मग सगळेच लागले. आत कमिटी दारावर लाथा घालत होती आणि बाहेर गाव एका सुरात सत्तर, एकाहत्तर म्हणत होतं. कुणीतरी मध्येच शिंकलं आणि पुन्हा एकपासून झालं. कडी निघायला पाऊण तास लागला.

दार उघडलं तेव्हा नानांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. सखाहरी प्रसन्न मनाने आत गेला आणि हात जोडून उभा राहिला.

"नाना, आता विचारा."

"विचारू?" नाना म्हणाले. "विचारतो की. तुला हाकलून देऊ का?"

"हो," सखाहरी म्हणाला.

ठरावाची वही पुढे असलेल्या सभासदाने ठराव लिहून टाकला, कारण वही उघडीच होती. सखाहरीला आपण काय बोललो ते हळूहळू उमगत होतं, पण बदल आता लागू झालेला होता आणि त्याला काही करता येत नव्हतं. त्याने आपली वही बंद केली. बाहेर येऊन बोर्डाकडे एकदा पाहिलं. आणि गिरणीच्या वाटेला लागला.

तो चार पावलं जाईस्तोवर नानांचा राग उतरला होता. राग उतरला की नानांना कामं आठवतात.

"आरं थांब. पुढच्या आवर्तनाचं पत्रक कोन काढनार? उद्या सकाळी सातला येनार हायेस ना?"

"हो," सखाहरी म्हणाला.

आमच्या संस्थेच्या वहीत त्या तारखेचे दोन ठराव आहेत. पहिला, सखाहरी यास कामावरून काढण्यात येत आहे. दुसरा, सखाहरी उद्या सकाळी सात वाजता कामावर हजर राहील. दोन्ही एकमताने मंजूर. याला सात वर्षं झाली. काढलेला माणूस रोज सातला हजर असतो आणि पत्रक वेळेवर निघतं. कीबोर्डवर क्यूचं बटण तेवढं नाही, पण उंबरगव्हाणात त्याच्यावाचून कुणाचं अडलेलं ऐकिवात नाही. ही गोष्टही त्याच कीबोर्डवर लिहिलीय.

परवा ठकाजी पाटकरी दारात विडी ओढत बसले होते. म्हणाले, एवढं बारीकसारीक तुला कसं म्हाईत? त्याच्या काळजात काय धडधडलं त्येबी? ह्यो तुझ्या गोष्टीतला येडा सखाहरी म्हंजी तूच का रं?

मी वही काढून बघितली. ताईंनी शेवटचं सांगितलेलं अजून बदललेलं नाही.

"हो," मी म्हटलं.